पोकळ वासा कुणाचा?

फुटबॉलचा मोसम सुरू व्हायच्या आधी प्रतिस्पर्ध्याला जोखणं हा चाहत्यांचा आवडता उद्योग. आम्ही आर्सेनलवाले त्यात कधीच मागे नव्हतो, आणि २०१५च्या ऑगस्टमध्ये तर आमच्या अंगात भलतंच बळ आलं होतं. प्रीमियर लीगचा गतविजेता होता चेल्सी. पण त्यांचा अनेक वर्षांचा गोलकीपर पीटर चेक आता आमच्याकडे आला होता. २ ऑगस्टला वेम्बलीवर कम्युनिटी शील्डच्या सामन्यात ऑक्सलेड-चेंबरलेनच्या एकमेव गोलवर आम्ही चेल्सीला हरवलं. चेल्सीचा प्रशिक्षक मोरिन्योच्या संघावर आमचा प्रशिक्षक आर्सेन वेंगरचा तो पहिलाच विजय. आम्ही लगेच निकाल देऊन मोकळे झालो: बडा घर, पोकळ वासा.

लेस्टरला जोखायचे कष्ट कुणी घेतलेच नव्हते. आदल्या मोसमात चौदावा आलेला संघ. सट्टेबाजांनी त्याच्या विजेतेपदाला एकास पाच हजार असा भाव दिला होता.

चेल्सीबद्दलचा आमचा अंदाज खरा ठरला. पहिल्या सोळापैकी नऊ सामने ते हरले, १७ डिसेंबरला मोरिन्योची गच्छंती झाली आणि मोसमाअखेर संघ दहावा आला. पण त्याच चेल्सीने लीगमध्ये आम्हाला दोन्ही वेळा हरवलं, सप्टेंबरात २-० आणि जानेवारीत १-०. लाल कार्डंही दोन्ही सामन्यांत आमच्याच वाट्याला आली.

लेस्टरचं नेमकं उलट. सप्टेंबरात त्यांच्याच मैदानावर आम्ही त्यांना ५-२ धुतलं. १४ फेब्रुवारीला, आपल्याकडे रविवारची संध्याकाळ होती, भरपाईच्या वेळेत वेलबेकने हेडरवर गोल केला आणि आम्ही २-१ जिंकलो. अव्वल लेस्टर आता फक्त दोन गुणांनी पुढे होता. यांचा फुगा फुटला, असं आम्ही पुन्हा ठरवून टाकलं.

त्यानंतर लेस्टर एकही सामना हरला नाही. उरलेल्या बारांपैकी आठ जिंकले, चार बरोबरीत सोडवले. मार्च-एप्रिलमध्ये तर लागोपाठ चार सामने १-० असे काढले. चेंडू आपल्या पायात फार ठेवायचा नाही. मॉर्गन आणि हूथने गोलसमोर ठाण मांडायचं, कांतेने चेंडू हिसकावायचा आणि वार्डीने मोकळ्या जागेत धाव घ्यायची. दिसायला साधा, पण कमकुवत संघांविरुद्धही गुण न सांडणारा खेळ. आम्ही मात्र त्याच काळात मँचेस्टर युनायटेडकडून हरलो आणि पाठोपाठ घरच्या मैदानावर स्वान्सीकडूनही.

अखेरचा हिशेब असा: लेस्टर ८१, आर्सेनल ७१. लेस्टर अख्ख्या मोसमात तीनच सामने हरला, त्यातले दोन आमच्याशी. विजेत्याला दोनदा हरवूनही आम्ही दहा गुणांनी मागे राहिलो.

आज मागे वळून पाहताना चूक सरळ दिसते. प्रतिस्पर्ध्याला आम्ही आमच्याशी झालेल्या सामन्यांवरून मोजत होतो. लीगमध्ये सामने अडतीस. त्यातले एका प्रतिस्पर्ध्याशी फक्त दोन. बाकी छत्तीस सामन्यांत तो काय करतो हे आम्ही पाहिलं नाही, आणि आपण काय करतो हे तर त्याहून नाही. त्या उन्हाळ्यात गोलकीपर वगळता मुख्य संघासाठी आम्ही एकही खेळाडू विकत घेतला नव्हता. वासा पोकळ होता तो आमच्या घराचा.

पुढच्या मोसमाआधी आम्ही पुन्हा अंदाज बांधले. चेल्सी ९३ गुणांनी विजेता झाला, लेस्टर बारावा आला आणि आर्सेनल पाचवा.