पैठणचे सातवाहन आणि पश्चिमेचे क्षत्रप

छत्रपती संभाजीनगरहून बिडकीनमार्गे पैठणास जाणाऱ्या पांथस्थास, आपण ज्या गोदातीरीच्या नगराकडे चाललो आहोत तेथला अकीक वीस दिवसांची मजल मारून गाड्यांतून भडोच बंदरी जात असे आणि तेथून रोमच्या बाजारपेठेत पोचे, याची कल्पना क्वचितच असते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ज्या एका ग्रीक दर्यावर्द्याने ही वाट नोंदविली, त्यानेच लिहून ठेवले आहे की सिंधूच्या मुखाशी पार्थियन, म्हणजे आपल्या प्राचीन लेखांतील पल्हव, सरदार एकमेकांना हुसकून राज्य करीत होते. दूर पश्चिमेस पार्थियाचा सम्राट व्होलोगेसिस आर्मेनियाच्या गादीवर आपला भाऊ बसविण्यासाठी रोमशी झुंजत होता, अखेर इ. स. 66 मध्ये त्या भावाने नीरोच्या हातून मुकुट स्वीकारला आणि तंटा मिटला.

आपल्याकडे मात्र सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात असा तोडगा निघाला नाही. क्षहरात कुळातील क्षत्रप नहपानाने सातवाहनांचा नाशिक, जुन्नर, कार्ले हा मुलूख व्यापला. केवळ शस्त्रबळावर हा अंमल टिकणार नाही, हे त्याचा शक जावई उषवदात पूर्णपणे जाणत होता, असे मला वाटते. कारण नाशिकच्या लेण्यात त्याने कोरविलेल्या लेखांत तीन लक्ष गाईंचे दान, नद्यांवरील विनामूल्य नावा, धर्मशाळा आणि गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे भिक्षूंसाठी व्याजी ठेवलेले 3,000 कार्षापण यांचा तपशीलवार हिशेब आहे. परकीय सत्ताधीशाने प्रजेच्या श्रद्धेस घातलेली ही साद मोठी विचारपूर्वक घातलेली आहे.

तरीही सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचे निर्मूलन केले. आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी त्याने उषवदाताच्या ताब्यातील 200 निवर्तने जमीन नाशिकच्या भिक्षूंना देऊन टाकली. त्याची माता बलश्री हिने पुढे त्याला शक, यवन व पल्हवांचा निर्दालक म्हणून गौरविले. परंतु मातेच्या शब्दांहूनही मला बलवत्तर पुरावा वाटतो तो 1906 साली जोगळटेंभी येथे सापडलेल्या सुमारे 13,000 नाण्यांच्या निधीचा, कारण नहपानाच्या त्या चांदीच्या नाण्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा उमटविली होती. चांदी तीच राहिली, हुकूमत बदलली.

झगडा तेवढ्याने संपला नाही. इ. स. 150 च्या जुनागड लेखात क्षत्रप रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथपती सातकर्णीस आपण दोनदा जिंकले, पण निकटच्या सोयरिकीमुळे त्याचा उच्छेद केला नाही.