वाढत्या वयातील टाचदुखी : डहाणू-तलासरीच्या संदर्भात

साधारणतः 8 ते 14 वर्षांच्या खेळकर मुलांच्या टाचेत मागील बाजूस उद्भवणाऱ्या वेदनेला, जेम्स सेव्हर या अमेरिकी डॉक्टरांनी 1912 मध्ये केलेल्या वर्णनावरून, ‘सेव्हरचा विकार’ म्हणतात. टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाशी वाढीची कूर्चा, म्हणजे अद्याप पक्के हाड न झालेला थर, असते. पोटरीच्या स्नायूंची कंडरा तेथेच जोडलेली असल्याने, हाडे झपाट्याने वाढत असताना पोटरी ताठ राहिली, की प्रत्येक उडीसरशी ती कूर्चा ओढली जाते. आश्रमशाळांच्या कठीण मैदानांवर अनवाणी कबड्डी-खो-खो खेळणाऱ्या मुलांत हा ताण अधिकच वाढतो.

टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखणे ही निदानाची मुख्य खूण असून क्ष-किरण तपासणी बहुधा लागत नाही. धावणे काही आठवडे कमी करणे, खेळानंतर बर्फाने शेकणे, पोटरी ताणण्याचे व्यायाम करणे आणि टाचेखाली मऊ गादी असलेले बूट वापरणे एवढ्यावर बहुतेक मुले बरी होतात. इंजेक्शन व शस्त्रक्रियेचा येथे प्रश्नच नसतो.

डहाणू व तलासरी तालुक्यांतील वारली, धोडिया, दुबळा आदी समाजांत मात्र हाडदुखी घडवू शकणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळत असल्याने, ताप, सूज किंवा रात्री विश्रांतीतही टिकणारी हाडदुखी असल्यास ती ‘वाढीची कळ’ म्हणून सोडून देणे धोक्याचे ठरते. अशा मुलाला तलासरीचे ग्रामीण किंवा डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय गाठून रक्ततपासणी करून घेणे आवश्यक असते, कारण त्याच्या हाडात जंतुसंसर्गही असू शकतो.