ट्रॉलीतली हवा

दसरा-दिवाळीच्या सुमाराला उज्जैनच्या मंडीत सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग लागते. वीस क्विंटलची एक ट्रॉली धरा. सोयाबीनमध्ये सुमारे 40 टक्के प्रथिनं, प्रथिनांत साधारण सहावा हिस्सा नायट्रोजन. म्हणजे ट्रॉलीत सव्वाशे किलोंवर नायट्रोजन, युरियाच्या 45 किलोच्या सहा गोण्यांइतका. यातला निम्म्याच्या आसपास थेट हवेतून आलेला.

हवेत त्याची वाण नाही. शेताच्या एका चौरस मीटरवर सात टन नायट्रोजन उभा असतो, एकरावर जवळजवळ तीस हजार टन. पण सोयाबीनला स्वतःहून त्यातलं काहीच घेता येत नाही. नायट्रोजनच्या दोन अणूंची मिठी सोडवायला खत कारखान्यात 400 अंशांवर उष्णता आणि हवेच्या दीड-दोनशे पट दाब लागतो. माळव्याच्या काळ्या मातीत हेच काम पावसाळी गारव्यात चालतं. करणारा ब्रॅडीरायझोबियम नावाचा जिवाणू. पाचशे एका रांगेत लावले तर कसाबसा एक मिलिमीटर भरतो.

जिवाणू खताच्या 200 ग्रॅमच्या पुड्यात, ग्रॅमला पाच कोटी या किमान हिशेबानं, हजार कोटी जिवाणू. पृथ्वीवर माणसंसुद्धा एवढी नाहीत. किलोभर बियाण्याला पाच ग्रॅम चोळलं की दाण्यामागे सत्तावीस हजारांच्या वर. अर्थात पुडा उन्हात पडलेला असेल तर चोळली ती नुसती भुकटी!

श्रावणात एक रोप खुरप्यानं मातीसकट काढून बघा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. मुळांवरची वाटाण्याएवढी गाठ नखानं फोडली की आत रक्ताचा गुलाबी रंग. तो आपल्या हिमोग्लोबिनच्याच भावकीतल्या द्रव्याचा. जिवाणूंचं विकर प्राणवायूनं निकामी होतं, म्हणून हे द्रव्य तो मोजूनमापून पोचवतं. सिंहस्थाला क्षिप्रेकाठची गर्दी कोटींत मोजतात. इथं एका गाठीतच कोट्यवधी, आणि एका रोपावर अशा कितीतरी गाठी. फुकट मात्र कोणी राबत नाही. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला ऊर्जेचे, म्हणजे एटीपीचे, 16 रेणू खर्ची पडतात. तो खर्च रोप साखरेतून भरतं.

सोयाबीनचा बेवड गव्हाला चांगला म्हणतात. पानं गळून, मुळं कुजून थोडं उरतंही. पण माझ्या मते बेवडाचं कौतुक जरा जास्तच होतं, कारण कमाईचा मोठा वाटा दाण्यात बसून मंडीला निघालेला असतो. तिथून तेलाच्या कारखान्यात. तेलात नायट्रोजन उतरत नाही, तो राहतो पेंडीत. पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि माळव्याच्या आभाळातला तो नायट्रोजन कुणाच्या तरी सकाळच्या आम्लेटात सापडतो.