कृत्रिम हृदयझडपांची वाटचाल

हृदयाच्या चार झडपा रक्ताला एकाच दिशेने वाहू देतात. लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने त्या जाड होतात, चिकटतात किंवा गळू लागतात. झडप फार खराब झाली की ती बदलावी लागते. कृत्रिम झडपेने वर्षाला चार कोटींच्या आसपास उघडझाप सोसायची असते आणि रक्ताची गुठळीही होऊ द्यायची नसते. दोन्ही एकदम साधणे अवघड, म्हणूनच तिचे इतके प्रकार झाले.

१९५२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हफनागेल यांनी प्लास्टिकची चेंडूझडप प्रथम बसवली, पण हृदयात नव्हे, तर खाली उतरणाऱ्या महाधमनीत. हृदय थांबवून आत शस्त्रक्रिया करण्याची सोय तेव्हा नव्हती. १९५३ मध्ये हृदय-फुप्फुस यंत्राचा यशस्वी वापर झाला आणि ती वाट खुली झाली. २१ सप्टेंबर १९६० रोजी पोर्टलंडमध्ये अल्बर्ट स्टार यांनी निवृत्त इंजिनिअर लोवेल एडवर्ड्स यांच्यासह घडवलेली झडप हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेच्या जागी बसवली. तिच्या धातूच्या पिंजऱ्यात सिलिकॉनचा चेंडू वरखाली होई. झडप टिकाऊ होती, पण चेंडू रक्ताच्या वाटेतच राही आणि गुठळीचा धोकाही मोठा होता.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये आलँ कार्पांतिए यांनी डुकराच्या झडपांवर ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाची प्रक्रिया करून त्या माणसाला बसवण्याजोग्या केल्या. अशा झडपेला रक्त पातळ करणारी गोळी सहसा जन्मभर लागत नाही, पण तीत कॅल्शियम साचते आणि तरुणांमध्ये ते लवकर साचते.

१९६९ मध्ये कलत्या तबकडीची ब्यॉर्क-शायली झडप आली. तिच्या पुढच्या एका नमुन्यात तबकडी धरणारा दांडा तुटू लागला, म्हणून तो नमुना १९८६ मध्ये बाजारातून काढून घेण्यात आला. दोन पाकळ्यांच्या झडपेवर अमेरिकेत सी. वॉल्टन लिलेहाय यांच्याबरोबर काम केलेल्यांत भारतीय शल्यविशारद कालके होते. पायरोलिटिक कार्बनच्या दोन पाकळ्यांची सेंट ज्यूड झडप १९७७ मध्ये वापरात आली आणि तीच घडण पुढे सर्वत्र रुळली.

भारतात रुग्ण बहुधा तरुण आणि परदेशी झडप महाग. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत एम. एस. वलियाथन यांच्या चमूने देशी झडप हाती घेतली. पहिल्या नमुन्यात टायटॅनियमचा जोड तुटला, दुसऱ्यात कृत्रिम नीलमण्याच्या तबकडीने धातू झिजवला, तिसऱ्यात मेंढीच्या हृदयात तबकडीच फुटली. चौथ्यात कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची चौकट आणि अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची तबकडी जमली. ही झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम माणसाला बसवण्यात आली.

२००२ मध्ये फ्रान्सच्या रुआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, नळीवाटे झडप बसवली.

महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेमुळे झडप बदलण्याचा खर्च गरिबांच्या आवाक्यात आला. पण धातूची झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी रोज घ्यावी लागते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी आयएनआर तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते. माठ, पालक यांसारख्या पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते. म्हणून त्या सोडायच्या नाहीत, तर आहारात त्यांचे प्रमाण सारखे ठेवायचे. तरुणाला धातूची आणि वृद्धाला प्राणिज, असा झडप निवडीचा ढोबळ नियम आहे. मूल हवे असलेल्या स्त्रीला वॉरफेरिनचा गर्भाला असलेला धोका विचारात घेऊन अनेकदा प्राणिज झडप सुचवली जाते, आणि ती पुढे पुन्हा बदलावी लागेल हेही आधीच सांगितले जाते.