विश्लेषण : परंपरावादी बापूजी अणे ‘विचारवंत’ का ठरतात?

यवतमाळ जिल्ह्यात ‘लोकनायक’ म्हटले की बापूजी अणे आठवतात. स्वातंत्र्यसैनिक, राज्यपाल, खासदार ही त्यांची ओळख सर्वपरिचित आहे. त्यांच्या विचारांची चर्चा मात्र कमी होते.

कोण होते बापूजी?

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. यवतमाळात वकिली करणारे अणे टिळकांचे अनुयायी होते. १९२८ मध्ये ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या ‘तिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत काव्यचरित्राला १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

त्यांची भूमिका काय होती?

कायदेमंडळावरील बहिष्कार त्यांना पटला नाही. मिळालेले अधिकार वापरायचे आणि उरलेल्यांसाठी भांडायचे, हा टिळकांचा ‘प्रतियोगी सहकार’ त्यांना मान्य होता. तरीही वेळ आली तेव्हा ते मागे राहिले नाहीत. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रह केला आणि अटक पत्करली.

मतभेद कुठे झाले?

१९३२ च्या जातीय निवाड्यात धर्मनिहाय स्वतंत्र मतदारसंघ होते. काँग्रेसने निवाडा स्वीकारलाही नाही, फेटाळलाही नाही. अणे यांना हे अमान्य होते. १९३४ मध्ये मदनमोहन मालवीयांसह त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. मात्र फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला.

आक्षेप कोणता?

स्वतंत्र मतदारसंघांमुळे समाजात फूट पडते, हा विरोधकांचा मुद्दा. पण ते नकोत, तर संख्येने कमी असलेल्यांना प्रतिनिधित्वाची हमी कोण देणार? अणे यांची भूमिका तपासताना हा प्रश्न टाळता येत नाही.

आज महत्त्व काय?

एखाद्याला विचारवंत मानणे म्हणजे त्याच्याशी सहमत होणे नव्हे. त्याचा युक्तिवाद वाचणे, त्याला उत्तर देणे हा खरा मान. परंपरावाद्यांच्या वाट्याला अनेकदा फक्त जयंतीचे हार किंवा ‘प्रतिगामी’ हा शिक्का येतो. दोन्हींत वाचन राहून जाते. संसदीय मार्ग की रस्त्यावरचा लढा, स्वतंत्र विदर्भ हवा की नको, हे अणे यांच्यापुढचे प्रश्न आजही विदर्भात चर्चेत आहेत.