एकाच कंपनीवर चालणाऱ्या वर्कशॉपसाठी

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीने भोसरी-चाकणची यंत्रं थांबली, त्याच वर्षी डिसेंबरात जनरल मोटर्सने तळेगावातलं उत्पादन बंद केलं, 2021 मध्ये चिपच्या तुटवड्याने गाड्यांचं उत्पादन रखडलं. अशा वेळी सर्वाधिक अडकतो तो एकाच कंपनीचं जॉबवर्क करणारा. म्हणून संकटाची तयारी म्हणजे नुसता जनरेटर आणि शिल्लक नव्हे. अनोळखी खरेदी अधिकाऱ्याला आपण सापडलो पाहिजे, आणि त्यासाठी ब्लॉग हा स्वस्त, टिकाऊ मार्ग आहे. ‘ड्रॉइंग कंपनीचं, मग दाखवणार काय?’ हा आक्षेप रास्तच. पण पार्ट दाखवायचाच नाही. व्हीएमसीचा बेड केवढा, टॉलरन्स किती मायक्रॉनपर्यंत राखता, स्टेनलेसवरची बर कशी काढता, हे लिहा. महिन्याला एक नोंद पुरे, पण हातात भरपूर काम असतानाच सुरुवात करा.