शिंगांमागचे वय
लेखमाला : माणूस आणि वन्यजीव (भाग 9)

बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने उत्तर अमेरिकेतली पांढऱ्या शेपटीची हरणे विसाव्या शतकाच्या तोंडाशी कशी संपत आली होती, ते आपण गेल्या भागात पाहिले. जेमतेम पाच लाख, कदाचित त्याहूनही कमी उरली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मराठी घरांतून परसातली फुलझाडे हरणांनी खाल्ल्याची तक्रार ऐकू येते, ती या वाढीमुळेच. पण इतक्या हरणांमध्येही ज्याच्या डोक्यावरची शिंगे पाहून जुना शिकारीसुद्धा थबकतो असा नर दुर्मीळच असतो. तो दुर्मीळ का, हा आजचा विषय.

नोव्हेंबर हा तिकडे हरणांच्या शिकारीचा मुख्य महिना. पेनसिल्व्हेनियात बंदुकीचा हंगाम पिढ्यान्‌पिढ्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होई आणि ग्रामीण भागातल्या कित्येक शाळा त्या दिवशी चक्क बंद असत. 2019पासून तो शनिवारी सुरू होतो. भडक नारिंगी जाकीट घातलेली माणसे पहाटेच्या अंधारात मचाणावर जाऊन बसतात. बहुतेकांना हवे असते ते वर्षभराचे मांस. तरीही गावात चर्चा होते ती कुणाला मोठा ‘बक’, म्हणजे नर, मिळाला याची.

हा काळ नरांच्या माजाचा. एरवी अंधार पडल्याशिवाय झाडीबाहेर न येणारा वयस्क नर या दोन-तीन आठवड्यांत भरदुपारी मोकळ्या शेतातून मादीचा माग काढत जातो. मादी माजावर असते जेमतेम एक दिवस, त्यामुळे त्याला उसंत नसते. धड खाणे नाही, विश्रांती नाही. काही नरांचे वजन या धावपळीत पाव हिश्श्यापर्यंत घटते. वर्षानुवर्षे कुणाच्या नजरेस न पडलेला नर बंदुकीच्या टप्प्यात येतो तो बहुधा याच दिवसांत.

आता शिंगांकडे वळू. आपल्या चितळ-सांबरांसारखीच ही शिंगे भरीव हाडाची असतात आणि दरवर्षी गळून नव्याने येतात. वसंतात कवटीवरच्या दोन उंचवट्यांतून वाढ सुरू होते. त्या वेळी त्यांवर लवदार, रक्तवाहिन्यांनी भरलेली कातडी असते. हात लावला तर ऊब जाणवेल अशी. सस्तन प्राण्यांच्या शरीरात इतक्या वेगाने वाढणारे दुसरे हाड नाही. खाण्यातून मिळणारे खनिज पुरत नाही, तेव्हा नराचे शरीर स्वतःच्या फासळ्यांतले कॅल्शियम आणि फॉस्फरस काढून शिंगांना पुरवते आणि पुढे ती झीज भरून काढते. दिवस लहान होऊ लागले की टेस्टोस्टेरॉन वाढते, हाड टणक होते, मखमल सुकते आणि नर ती झाडाच्या बुंध्यावर घासून काढतो. हिवाळ्यात शिंगे गळून पडतात आणि वसंतात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चांगली जमीन आणि आनुवंशिकता यांचा वाटा मोठा आहेच. आयोवा, इलिनॉय, ओहायो या मका-सोयाबीनच्या राज्यांतून अवाढव्य शिंगांचे नर निघतात, त्यात नवल नाही. पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे आहे ते वय. दीड वर्षाच्या नराला पहिली शिंगे येतात तेव्हा ती त्याच्या पूर्ण क्षमतेच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकीच असतात. पूर्ण भर येतो तो पाच ते सात वर्षांच्या दरम्यान. शिकारीच्या मुलखात तितकी वर्षे फार थोडे नर जगतात.

मुरलेला शिकारी म्हणूनच आधी शिंगे पाहत नाही, अंग पाहतो. कोवळ्या नराचे पाय लांब दिसतात, मान बारीक, पोट वर ओढलेले. पाच वर्षांच्या नराची मान माजात इतकी फुगते की ती छातीत मिसळून जाते. पाठ आणि पोट किंचित खाली झुकतात आणि त्या भरल्या देहाखाली पाय आखूड वाटू लागतात. मारल्यानंतर वयाचा पडताळा खालच्या जबड्यातल्या दाढांच्या झिजेवरून घेतात.

वयाचे महत्त्व दाखवणारा याहून बोलका पुरावा विक्रमांच्या यादीतच आहे. वेड्यावाकड्या, जादा फाट्यांच्या शिंगांच्या गटातला जागतिक विक्रम 333 पूर्णांक 7/8 इंचांचा. तो नर 1981 साली मिसुरीत सेंट लुईस परगण्यात मेलेला सापडला. त्याच्या खालोखाल 328 पूर्णांक 2/8 इंचांचा ओहायोतला नर. तोही 1940च्या सुमारास रेल्वेमार्गालगत मेलेलाच मिळाला. दोघांनाही कुणाची गोळी लागली नव्हती.

हे इंच मोजतात तरी कसे? मारल्यानंतर शिंगे किमान 60 दिवस वाळू द्यावी लागतात, कारण ओलसर हाड आकसते. मग प्रशिक्षित मोजणीदार पाव इंच रुंदीची पोलादी पट्टी घेऊन बसतो. मुख्य दांड्याची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, दोन दांड्यांमधले आतले अंतर, प्रत्येक बाजूला चार ठिकाणी घेर, सगळे इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजून त्यांची बेरीज करतात. फाटा जिथे सुरू होतो तिथे तो पेन्सिलीने रेघ आखतो. एक इंचापेक्षा आखूड फाटा धरत नाहीत. सममित शिंगांच्या गटात डाव्या-उजव्या बाजूंतला फरक एकूण बेरजेतून वजा होतो.

ही पद्धत बून अँड क्रॉकेट क्लबची. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांच्या पुढाकाराने 1887 साली स्थापन झालेल्या या संस्थेने आजची मोजणी 1950 साली पक्की केली. तिच्या मुळाशी मात्र काळजी होती. हे प्राणी लवकरच नामशेष होतील, तेव्हा निदान त्यांची मापे तरी मागे राहावीत, असे त्या पिढीला वाटत होते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात 1922 साली शिंगे आणि मस्तकांचा राष्ट्रीय संग्रह उघडला, तोही जगातून नाहीशा होत चाललेल्या मोठ्या प्राण्यांच्या स्मरणार्थ. पुढे हीच मापे चांगल्या अधिवासाची खूण म्हणून वाचली जाऊ लागली. वयस्क नर निघत आहेत, म्हणजे रानाचे बरे चालले आहे.

सममित गटाचा विक्रम दीर्घकाळ जिम जॉर्डन यांच्या नावावर होता, पण तो त्यांना हयातीत मिळाला नाही. 1914 साली विस्कॉन्सिनमधल्या डॅनबरीजवळ त्यांनी तो नर मारला आणि मस्तक पेंढा भरायला दिले. पेंढा भरणारा गाव सोडून गेला आणि शिंगेही गेली. काही दशकांनी मिनेसोटातल्या एका जुन्या वस्तूंच्या विक्रीत कुणीतरी ती 3 डॉलरला घेतली. मोजल्यावर 206 पूर्णांक 1/8 इंच भरली, शिकारी मात्र ‘अज्ञात’! ही माझीच आहेत, हे जॉर्डन वर्षानुवर्षे सांगत राहिले. क्लबने ते मान्य केले 1978 साली, त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच आठवड्यांत. हा विक्रम मोडला तो 23 नोव्हेंबर 1993 रोजी, कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतात, बिगर गावाजवळ. शाळेच्या बसच्या चालकांनी तो नर आधीच पाहिला होता. ताज्या बर्फावर उमटलेला माग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साथीने काढत शेतकरी मायलो हॅन्सन यांनी त्याला गाठले. भरले 213 पूर्णांक 5/8 इंच.

असे नर वाढावेत म्हणून कुणीतरी आधी बंदूक खाली ठेवावी लागते. कोवळे नर सोडा, माद्या पुरेशा मारा, म्हणजे चारा पुरेल आणि नर वयात येतील, हा विचार टेक्सासमध्ये अल ब्रदर्स आणि मर्फी रे यांनी 1975च्या पुस्तकात मांडला. पेनसिल्व्हेनियाने 2002 साली शिंगाला ठरावीक फाटे नसतील तर नर मारायचा नाही असा नियम केला. मोठा गदारोळ झाला. जीवशास्त्रज्ञ गॅरी ऑल्ट गावोगाव सभा घेऊन तो समजावून सांगत होते आणि शिकारी त्यांच्यावर भडकत होते, कारण तोवर मारल्या जाणाऱ्या नरांत बहुसंख्य दीड वर्षाचेच असत. आपण सोडलेला नर शेजारी मारणार, ही भीती खरीच असते. म्हणून मोठ्या नराच्या छायाचित्रात हसणाऱ्या एका माणसामागे मला न दिसणारी दहा माणसे दिसतात, ज्यांनी त्याला लहानपणी जाऊ दिले.

आपल्याकडच्या वाचकाला हे पटणे कठीण. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपण शिकार थांबवली. जुन्या वाड्यांच्या भिंतीवरची सांबराची मस्तके आज आपल्याला खटकतात, आणि आपल्या रानांची तेव्हाची स्थिती पाहता तो कायदा योग्यच होता. अमेरिकेत मात्र लांडगे आणि प्यूमा बहुतेक मुलखातून गेले; हरणांना आवर घालायला माणूसच उरला. शिवाय 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. हा हिशेब नाकारून चालणार नाही.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. इंचांना भाव आला की प्राणी मागे पडतो. बंदिस्त फार्मांवर निवडक पैदाशीने आणि खुराकाने अशी शिंगे वाढवली जातात की नराला मान पेलवत नाही आणि असा नर उंच कुंपणाच्या आत हजारो डॉलर घेऊन मारू दिला जातो. बून अँड क्रॉकेट असे नर नोंदवत नाही, ते बरे. मोठ्या शिंगांसाठी चोरटी शिकारही होते. ओहायोने तर बेकायदा मारलेल्या नराची भरपाई शिंगांच्या इंचांवर ठरवण्याचा कायदा केला आहे.

आणि आता एक नवे संकट आहे. ‘क्रॉनिक वेस्टिंग’ हा मेंदूचा असाध्य रोग 1967 साली कोलोरॅडोत प्रथम दिसला, 2002 साली विस्कॉन्सिनच्या रानटी हरणांत सापडला. तो सर्वाधिक आढळतो वयस्क नरांतच, म्हणजे जपून वाढवलेल्या नरांतच. विस्कॉन्सिनमध्ये शिकारी आता शिंगे कापून घेतात आणि मानेच्या काही इंचांसह मस्तक तपासणीच्या पेटीत टाकून अहवालाची वाट पाहतात. नर वयात येऊ द्यावेत की रोग पसरू नये म्हणून लवकर मारावेत, यावर तिथली वन्यजीव खाती आणि शिकारी आज भांडत आहेत. त्या भांडणाविषयी पुढच्या भागात.